टर्बोचार्जरयुक्त मोटारींतील इंजिन तेलाचे ज्वलन

टर्बोचार्जरयुक्त मोटारींतील इंजिन तेलाचे ज्वलन म्हणजे वंगणासाठी वापरलेले तेल ज्वलनकक्षात शिरून इंधनासोबत जळणे. बोलीभाषेत यास ‘गाडी ऑइल खाते’ असे म्हणतात. अल्प प्रमाणातील तेलज्वलन प्रत्येक इंजिनात होते. त्याची मर्यादा निर्मात्याच्या वाहनपुस्तिकेत दिलेली असते.

पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. या यंत्रणेत इंजिनातून बाहेर पडणारे उष्ण वायू चक्र फिरवतात आणि त्याच दांड्यावरील दुसरे चक्र इंजिनात दाबाखाली हवा भरते. मोटारींमध्ये हा दांडा मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेतो. तो तेलाच्या पातळ थरावर फिरतो व तेल त्याला थंड ठेवण्यासही मदत करते. त्यामुळे तेल कमी पडल्यास टर्बोचार्जरची बेअरिंगे लवकर निकामी होतात.

कारणे

* पिस्टन रिंगा झिजणे किंवा काजळीने अडकणे
* व्हॉल्व्हचे ऑइल सील कडक होणे
* टर्बोचार्जरमधून तेल परत नेणारी नळी तुंबणे
* इंजिनातील वायू बाहेर काढणारी झडप बिघडणे
* एअर फिल्टर तुंबल्यामुळे टर्बोचार्जरमधील तेल हवेच्या मार्गात ओढले जाणे

लक्षणे व परिणाम

धुराड्यातून निळसर धूर येणे हे प्रमुख लक्षण होय. काळा धूर सामान्यतः जादा इंधनाचा निदर्शक असतो. धूर न दिसताही तेल घटू शकते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. त्यानुसार बनलेल्या डिझेल मोटारींच्या धूरगाळणीत जळालेल्या तेलाची राख साचते. डिझेल इंजिनात तेलाची मोठी गळती झाल्यास इंजिन त्याच तेलावर अनियंत्रित वेगाने चालू लागते व किल्ली बंद करूनही थांबत नाही.

प्रतिबंध

वाहन सपाट जागी उभे करून, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटांनी डिपस्टिकने पातळी पाहावी. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून १,००० किमीनंतर किती तेल घालावे लागते, ते मोजल्यास तेलाचा खप कळतो. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल वापरावे. धूरगाळणी असल्यास कमी राखेचे तेल लागते. इंजिन सुरू केल्याबरोबर वेग वाढवू नये. चढ किंवा वेगवान प्रवासानंतर इंजिन सुमारे एक मिनिट मंद चालवून बंद करावे, म्हणजे टर्बोचार्जरमधील तेल करपत नाही. मात्र इंजिन दीर्घकाळ मंद चालू ठेवल्यानेही तेल झिरपू शकते.

वनप्रदेशातील वापर

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचते. कच्च्या रस्त्यांवरील धूळ आणि धान मळणीच्या काळातील भुसा यांमुळे एअर फिल्टर लवकर तुंबतो. आरमोरीहून कुरखेडा, कोरचीकडे जाणाऱ्या वाहनांना वाटेत दुरुस्तीची सोय सहज मिळत नाही आणि अनेकदा रुग्णांनाही खासगी वाहनानेच न्यावे लागते. म्हणून अशा भागात एअर फिल्टरची तपासणी नेहमीच्या मुदतीपूर्वी करणे, लांबच्या प्रवासाआधी तेलाची पातळी पाहणे आणि योग्य प्रतीचे एक लिटर तेल सोबत ठेवणे उपयुक्त ठरते.