कोर्लईचा धर्मग्राम

कर्जत-खालापूरकडील बोरघाट आज आगगाडीमुळें सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु आगगाडी येण्यापूर्वीं कित्येक शतकें देशावरचा माल या घाटानें उतरून चौलच्या बंदरीं जात असे. त्याच बंदराच्या मुखाशीं, खाडीपलीकडे, कोर्लई नांवाचें लहानसें गांव आहे. रायगड जिल्ह्यांतील ख्रिस्ती वस्तींचा इतिहास पाहूं जातां या गांवाइतका विलक्षण इतिहास क्वचितच आढळेल.

पोर्तुगीजांनीं चौल येथें 1516 सालीं वखार घातली व 1521 मध्यें किल्ल्यास आरंभ केला. समोरची कोर्लईची टेकडी मात्र अहमदनगरच्या निजामशाहीकडे होती. ती त्यांनीं 1594 त लढून घेतली. टेकडीवरील किल्ल्यांत त्यांनीं बांधलेल्या चर्चच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. छप्पर केव्हांच गेलें. पुढें 1739 त चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली आणि 1740 च्या तहानें चौल व कोर्लई हीं दोन्ही ठिकाणें मराठ्यांकडे आलीं.

अंमलदार गेले, फौज गेली. गेले नाहींत ते गरीब ख्रिस्ती लोक. फिरंगी शिपाई आणि बाप्तिस्मा घेतलेल्या एतद्देशीय स्त्रिया यांच्या संसारांतून ही प्रजा निपजली, असें भाषापंडित मानतात. राज्य बदललें, तरी त्यांच्या घरची बोली बदलली नाहीं. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठी. क्रियापद आपल्याप्रमाणेंच शेवटीं येतें. पाव, पगार, चावी हे फिरंगी शब्द मराठींत आले हें सर्वांस ठाऊक असतें. मराठी व्याकरण फिरंगी शब्दांच्या अंगीं असें भिनलें, हें मात्र थोड्यांस ठाऊक.

ही बोली टिकली कशी? सोयरीक आपल्यांतच होई, भोंवतीं खाडी व समुद्र. हीं कारणें खरींच. पण मुख्य आधार गांवांतील कार्मेल मातेच्या देवळाचा. पोर्तुगालच्या राजाकडे येथील धर्मकार्याचें पालकत्व असल्यामुळें मराठी व इंग्रजी अमदानींतही पोर्तुगीज जाणणारे पाद्री येत राहिले. पोर्तुगीज प्रार्थना कानांवर पडत, आणि घरच्या बोलीस बाहेरचें बळ मिळे.

हा आधार विसाव्या शतकांत सुटला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (1962 ते 1965) मिस्सेसाठीं लोकभाषांस मोकळीक दिली. कोर्लईस लोकभाषा म्हणून मराठी आली. मराठी वाचकास याचा आनंद वाटणें साहजिक आहे. परंतु ज्या निर्णयानें वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्यास त्याचीच भाषा देवळांत ऐकूं आली, त्याच निर्णयानें कोर्लईकरांची भाषा देवळाबाहेर राहिली. तिला स्वतःची लिपी नाहीं, शाळा नाहीं.

अमेरिकन पंडित क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं या बोलीच्या उत्पत्तीवर 1996 सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे सुमारें हजार. मुलें मराठी शाळेंत शिकतात, प्रार्थना मराठींत म्हणतात. 'नो लिंग' उरली आहे ती घरांत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गप्पांत.