अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक : बाहेरच्यांनी काय पाहिले, बेळगाव-निपाणीने काय पाहावे?

बेळगाव : अमेरिकेच्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, पण तिच्या निकालाचे बिल मात्र उद्यमबागेतल्या कारखान्यापासून निपाणीतल्या चप्पल कारागिरापर्यंत पोहोचते. म्हणूनच २०२४ च्या या निवडणुकीकडे परदेशी निरीक्षकांनी कसे पाहिले आणि त्यांनी सांगितलेल्या आर्थिक अडचणींचा सीमाभागाशी काय संबंध, हे समजून घेणे गरजेचे आहे.

निकाल कसा ठरतो?

अमेरिकेत अध्यक्ष थेट एकूण मतांवर निवडला जात नाही. राज्यांना वाटून दिलेली ५३८ निर्वाचक मते असतात आणि त्यातली २७० मिळवणारा जिंकतो. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये सोडली, तर राज्यात पुढे राहणाऱ्याला तिथली सगळी निर्वाचक मते मिळतात. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ३१२, तर कमला हॅरिस यांना २२६ मते मिळाली. देशभरातील एकूण मतांत मात्र दोघांमधले अंतर दोन टक्क्यांच्या आतच होते.

परदेशी निरीक्षक म्हणजे कोण?

जगातल्या निवडणुकांवर टिप्पणी करणाऱ्या अमेरिकेतही बाहेरचे निरीक्षक येतात. युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेत ५७ देश आहेत आणि अमेरिका त्यातला एक. १९९० च्या कोपनहेगन करारानुसार सदस्य देशांनी एकमेकांच्या निवडणुका पाहायला बोलवायचे ठरले. २००२ पासून या संघटनेची पथके अमेरिकेत जाऊ लागली. मात्र निवडणुकीचे कायदे राज्यागणिक वेगळे असल्याने काही राज्यांत त्यांना मतदान केंद्रात प्रवेशच मिळत नाही. प्रचारातला अफाट पैसा आणि राजधानी वॉशिंग्टनच्या रहिवाशांना संसदेत मताधिकार असलेला प्रतिनिधी नसणे, या त्रुटी पथकांनी वेळोवेळी नोंदवल्या आहेत.

आर्थिक इशारे आधीच होते

अर्थकारण पाहणाऱ्यांची चिंता वेगळी होती. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती. निवडणुकीपर्यंत ती तीन टक्क्यांच्या खाली आली, पण वाढलेले भाव काही खाली आले नाहीत आणि मतदाराचा राग तिथेच होता. सरकारी कर्ज त्याच नोव्हेंबरमध्ये ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जून २०२४ मध्येच तूट आणि वाढते व्यापारी निर्बंध या दोन्हींबद्दल सावध केले होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या प्रमुख ख्रिस्तीन लगार्द यांनी तर जानेवारीतच ट्रम्प यांचे पुनरागमन युरोपसाठी धोक्याचे असल्याचे म्हटले होते. भारताचा सूर निवांत होता. अनेक देश धास्तावलेत, आम्ही त्यात नाही, असे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर निकालानंतर मुंबईत म्हणाले.

मग झाले काय?

वर्षभराच्या आतच भारतालाही फटका बसला. वाहनांच्या सुट्या भागांवर ३ मे २०२५ पासून २५ टक्के शुल्क लागू झाले. पोलाद व ॲल्युमिनियमवरचे शुल्क जूनमध्ये ५० टक्के झाले. भारतीय मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के, तर रशियन तेलाच्या कारणावरून २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के आकारणी सुरू झाली.

हे शुल्क बेळगावचा विक्रेता भरत नाही, तिकडचा आयातदार भरतो. म्हणजे १०० डॉलरचा माल ५० टक्के शुल्काने त्याला १५० डॉलरला पडतो. मग तो दर कमी करा म्हणतो, नाहीतर ऑर्डर थांबवतो, किंवा दुसरा देश शोधतो. उद्यमबाग-मच्छे परिसरातील फाउंड्री व मशीन शॉप, हत्तरगीतील विमान-सुट्या भागांचे उद्योग यांना म्हणूनच हे आकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल बेळगाव जिल्ह्यातही बनते. अथणी-निपाणीच्या कारागिराकडे तर दर कमी करायला फारशी जागाच नसते.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्याला वॉशिंग्टनचा अनुभव नवा नाही. बराक ओबामा यांनी २००९ मध्ये सही केलेल्या तंबाखू कायद्याचा आधार घेऊन तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये बिडीच्या काही प्रकारांची विक्री थांबवली होती.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही झळ बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जासाठी एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. बेळगावात शिकून अमेरिकेची स्वप्ने पाहणाऱ्या अभियंत्यांच्या घरात त्याची चर्चा होणारच.

पुढच्या वेळी काय पाहावे?

पुढची अध्यक्षीय निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी आहे. कोण जिंकणार यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात : आयात शुल्काबाबत उमेदवार काय म्हणतो, व्याजदर कुठे आहेत आणि व्हिसाबाबत भूमिका काय आहे. व्याजदर चढे राहिले की डॉलर महागतो. निर्यातदाराला चार रुपये जास्त मिळतात, पण तेल महागते आणि ते सगळ्यांच्याच खिशाला लागते. शुल्काचे दर वाटाघाटीत वर-खाली होतात, त्यामुळे एकाच देशाच्या ऑर्डरवर सगळा कारखाना उभा करू नये, हाच यातला व्यवहारी धडा.