१९६३ची कॉर्व्हेट 'स्प्लिट विंडो': साठ वर्षांनीही पार्ट मिळतात, मग अडचण कुठे येते?

मागच्या काचेच्या मधोमध एक उभी पट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या काचा. शेवरोले कॉर्व्हेट स्टिंग रे कूपेची ही ओळख फक्त एकाच वर्षी, म्हणजे १९६३च्या मॉडेलला मिळाली. १९६४ला पट्टी गेली आणि एकसंध काच आली.

त्यानंतर अमेरिकेत गंमतच झाली. काही मालकांनी आपल्या १९६३च्या गाडीची पट्टी कापून तिथे १९६४ची काच बसवून घेतली. मागचं नीट दिसायला लागलं, शिवाय गाडीही नवी वाटायला लागली. पुढे हीच पट्टी असलेल्या गाड्यांना संग्राहकांकडून मोठी किंमत येऊ लागली आणि कापलेली पट्टी पुन्हा बसवून घेण्याचं काम सुरू झालं.

जुनी गाडी सांभाळताना कोणता पार्ट बदलायचा आणि कोणता अजिबात हलवायचा नाही, हा प्रश्न इतका महत्त्वाचा का असतो, ते या गाडीवरून छान समजतं.

ही गाडी नेमकी काय आहे?

कॉर्व्हेट १९५३पासून बनते. पण बंद छताची म्हणजे कूपे प्रकारातली कॉर्व्हेट पहिल्यांदा आली ती १९६३ला. जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांच्या हाताखाली लॅरी शिनोडा यांनी तिचा आकार घडवला. इंजिनिअरिंगची बाजू झोरा आर्कस-डन्टोव्ह यांच्याकडे होती. मागचं दिसत नाही म्हणून डन्टोव्ह यांचा पट्टीला विरोध होता. मिचेल यांना मात्र ती हवीच होती.

सेंट लुईसच्या कारखान्यात त्या वर्षी १०,५९४ कूपे आणि १०,९१९ उघड्या छताच्या गाड्या बनल्या. बोनेटखाली ३२७ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ५.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. ते २५० ते ३६० हॉर्सपॉवरपर्यंत वेगवेगळ्या रूपांत मिळायचं. गाडीला बाहेरून उघडणारी डिकी नाही. सामान सीटच्या मागूनच आत ठेवावं लागतं.

पार्ट मिळतात कुठून?

या गाडीच्या पार्टचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, त्या काळात कारखान्यात बनलेला पण कधीच न वापरलेला पार्ट. याला 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणतात. हा सगळ्यात दुर्मिळ आणि महाग.

दुसरा, दुसऱ्या गाडीवरून काढलेला जुना, अस्सल पार्ट. तो दुरुस्त करून वापरता येतो.

तिसरा, आज नव्याने बनवलेला हुबेहूब पार्ट, म्हणजेच रिप्रॉडक्शन. रबरी सील, कार्पेट, सीट कव्हर, वायरिंगचा संच असं बरंच काही या प्रकारात सहज मिळतं. काही कंपन्या तर जनरल मोटर्सकडून रीतसर परवाना घेऊन असे पार्ट बनवतात.

यांत्रिक पार्टची चणचण फारशी नाही, त्याचीही कारणं आहेत. हे इंजिन शेवरोलेच्या १९५५मध्ये सुरू झालेल्या 'स्मॉल ब्लॉक' कुटुंबातलं आहे. या कुटुंबातलं दहा कोटीवं इंजिन २०११मध्ये बाहेर पडलं. त्यामुळे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट मिळायला त्रास होत नाही. मागच्या सस्पेन्शनची मूळ रचनाही कॉर्व्हेटने १९८२पर्यंत तशीच ठेवली होती.

अडतं ते फक्त १९६३लाच वापरलेल्या पार्टवर. मागच्या दोन काचा आणि बोनेटवरच्या शोभेच्या दोन जाळ्या ही त्याची ठळक उदाहरणं. त्यांच्या नव्या नकला मिळतात, पण अस्सल जुना पार्ट हवा असेल तर शोध लांबतो.

'मॅचिंग नंबर'चं एवढं काय?

इंजिनच्या पुढच्या भागात, पॅसेंजरच्या बाजूच्या सिलेंडर हेडच्या अगदी पुढे, ब्लॉकवर एक छोटी सपाट जागा असते. तिथे दोन नोंदी ठोकलेल्या असतात. एकीवरून इंजिन कधी आणि कुठे जुळवलं ते कळतं. उदाहरणार्थ, 'एफ ०११५ आरडी' म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात १५ जानेवारीला जुळवलेलं, ३०० हॉर्सपॉवरचं, मॅन्युअल गिअरचं इंजिन. दुसरी नोंद गाडीच्या चॅसी नंबरशी जुळते.

चॅसी नंबरही बोलका असतो. १९६३च्या कूपेचा नंबर ३०८३७ने सुरू होतो, तर उघड्या छताच्या गाडीचा ३०८६७ने. त्यापुढचं 'एस' हे अक्षर सेंट लुईसचं.

दोन्ही नोंदी गाडीशी जुळल्या, तर ती 'मॅचिंग नंबर' गाडी. तिची किंमत इंजिन बदललेल्या गाडीपेक्षा बरीच जास्त असते.

खरा धोका इथेच आहे. इंजिन उघडल्यावर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं हे वर्कशॉपमधलं नेहमीचं काम. पण नंबराची जागा त्याच पातळीवर असते. वर्कशॉपला आधी सांगितलं नाही, तर काम उत्तम होतं आणि नंबर कायमचा पुसला जातो. तो पुन्हा ठोकला तरी अस्सल ठरत नाही. जाणकार धातूवरच्या मूळ यंत्राच्या बारीक रेघा पाहतात, त्यामुळे बनवाबनवी पकडली जाते.

फायबरग्लासच्या गाडीला गंज कसा लागतो?

बॉडी फायबरग्लासची असल्याने बाहेरून गंज दिसत नाही. पण आत समोरच्या काचेची चौकट, दरवाजांचे खांब आणि त्यांना जोडणारा सांगाडा पोलादाचा असतो. त्याला 'बर्डकेज', म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. काचेच्या रबरातून पाणी झिरपतं, कोपऱ्यांत साचतं आणि पिंजरा आतून खाल्ला जातो. वरचा रंग मात्र चकाचक राहतो.

म्हणून गाडी घेताना पायाजवळची बाजूची पॅनेल काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहावं लागतं. काचेचे खालचे कोपरे, दरवाजाच्या बिजागरीचे खांब आणि बॉडी चॅसीला जिथे बोल्टने बसते त्या जागा आधी तपासतात. चॅसी मागच्या चाकांच्या पुढे जिथे वर वळते, तिथेही ती आतून सडते. दरवाजा खाली झुकलेला दिसला तर शंका घ्यावी.

अपघाताची खूणही आतल्या बाजूने कळते. कारखान्यात साच्यात दाबून बनवलेली पॅनेल दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असतात. हाताने थर देऊन बनवलेलं नवं पॅनेल आतून खरखरीत लागतं.

देखभालीत काय सांभाळायचं?

ब्रेक: चारही चाकांना ड्रम आहेत आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच. कुठेही गळती झाली तर पायाखालचा ब्रेक पूर्ण जातो, हातात उरतो फक्त पार्किंग ब्रेक. कॉर्व्हेटला दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलेंडर १९६७ला आला. गाडी नियमित चालवणारे अनेक मालक ही सुधारणा करून घेतात.

मागची चाकं: इथे लीफ स्प्रिंग आडवं असतं. ट्रकच्या पाट्यांसारखेच नऊ पाटे, पण एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. चाकाला ताकद देणारा शाफ्टच चाकाला जागेवर धरूनही ठेवतो. त्यामुळे शाफ्टचे क्रॉस झिजले की चाकाचा कोन बिघडतो. व्हील बेअरिंगला बाहेरून ग्रीस भरायची सोय नाही. ती काढायला प्रेस लागतो आणि बसवताना बारीक चकत्या घालून अचूक फट ठेवावी लागते. हे काम सवयीच्या मेकॅनिककडेच द्यावं.

पेट्रोल आणि ऑइल: अमेरिकेत पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरमधले सील त्याने खराब होतात. शिवाय या इंजिनच्या कॅमशाफ्टला ऑइलमध्ये जस्ताचं पुरेसं संयुग लागतं. आधुनिक गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी असतं. म्हणून जुन्या इंजिनसाठी बनवलेलं ऑइल घ्यावं.

वायरिंग: फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत बॉडीतूनच अर्थिंग मिळतं, इथे प्रत्येक दिव्यासाठी वेगळी वायर लागते. दिवा मंद झाला तर बल्ब बदलण्याआधी ही जोडणी साफ करून पाहावी. पुढचे दिवे फिरवून बाहेर काढणाऱ्या दोन इलेक्ट्रिक मोटर आहेत. त्यांचे गिअरही झिजतात.

नंबर प्लेटच्या रिव्हेटवरून गाडी जप्त

चॅसी नंबरच्या छोट्या पट्टीला हात लावणं किती महागात पडू शकतं, हे कॅन्सस राज्यातल्या एका प्रकरणात दिसलं. २०१७मध्ये एक मालक आपली १९५९ची कॉर्व्हेट नोंदणीआधीच्या तपासणीला घेऊन गेला. जुन्या दुरुस्तीत पट्टी काढून पुन्हा लावल्याचं रिव्हेटवरून लक्षात आलं आणि पोलिसांनी गाडी जप्त केली. मालकाने ती याच अवस्थेत विकत घेतली होती.

तेव्हाच्या कायद्यानुसार गाडी नष्ट होण्याची वेळ आली होती. २०२२मध्ये राज्याने कायदा बदलला आणि २०२३मध्ये गाडी मालकाला परत मिळाली. रंगकाम असो वा गंजकाम, ही पट्टी जागची हलवू नये.

मग बदलायचं काय आणि ठेवायचं काय?

हे ठरतं गाडीच्या वापरावर. १९७४पासून काम करणारी नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे गुण देऊन तपासते. 'टॉप फ्लाइट' सन्मानासाठी किमान ९४ टक्के गुण लागतात. तिथे पार्टवरच्या तारखांचे कोडही पाहिले जातात. रोज चालवायच्या गाडीला मात्र या गुणांपेक्षा चांगले ब्रेक महत्त्वाचे.

दोन्ही साधायचं असेल तर एक सोपा नियम पाळता येतो. बोल्ट सोडून परत आणता येईल असा बदल चालतो. ब्रेकचा मास्टर सिलेंडर, रेडिएटर, इग्निशन ही त्याची उदाहरणं. कापणं, घासणं, वेल्डिंग करणं किंवा नंबर झाकणं यासाठी मात्र दहा वेळा विचार करावा.

काढलेला पार्ट भंगारात देऊ नये. त्यावर तारखेची चिठ्ठी लावून, फोटो काढून तो खोक्यात ठेवावा आणि गाडी विकताना सोबत द्यावा. काम सुरू करण्याआधी इंजिनवरच्या नंबराचा स्पष्ट फोटो घ्यावा आणि 'हा पृष्ठभाग घासायचा नाही' हे वर्कशॉपच्या पावतीवर लिहून घ्यावं.