तेच मैदान, तेवीस वर्षांनी

आजची गोष्ट एका मैदानाची आणि दोन अंतिम सामन्यांची.

एप्रिल १९९९. बंगळूरचे चिन्नास्वामी मैदान. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने कर्नाटकावर पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना नुसता अनिर्णित राखला असता, तरी करंडक मिळाला असता. पण शेवटच्या डावात संघ १५० धावांत कोसळला. कर्णधार होते मुंबईचे चंद्रकांत पंडित.

पंडित आचरेकर सरांच्या तालमीतले यष्टिरक्षक. भारताकडून ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. पण किरण मोरे असताना यष्टींमागची जागा त्यांना पक्की मिळाली नाही.

पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला करंडक जिंकून दिले. मुंबई जिंकली, यात लोकांना नवल वाटले नाही. नवल घडले विदर्भात. या संघाने तोवर रणजीचा अंतिम सामनाही गाठला नव्हता. पंडितांच्या हाताखाली त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा करंडक जिंकला.

मग ते मध्य प्रदेशाकडे परतले, प्रशिक्षक म्हणून. शिस्त इतकी कडक, की कर्णधार आदित्य श्रीवास्तवला स्वतःच्या लग्नासाठी दोनच दिवसांची रजा! जून २०२२ मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा चिन्नास्वामी. समोर ४१ वेळा विजेती मुंबई. दुबे, शर्मा, पाटीदार यांची शतके, ५३६ धावा आणि ६ गडी राखून विजय. होळकर संघाने १९५२-५३ मध्ये जिंकलेला करंडक इतक्या वर्षांनी त्या प्रदेशात परत आला. पंडितांना मैदानावर रडू आवरले नाही.

याच माणसाबद्दल पुढे आयपीएलमधल्या कोलकाता संघातल्या एका परदेशी खेळाडूने तक्रार केली, की यांची पद्धत लष्करी आहे. २०२४ मध्ये तो संघ जिंकला, तरी ती तक्रार मला खोटी वाटत नाही. मी फौजेत आयुष्य काढले. नव्या रंगरुटाला जी सक्ती आधार वाटते, तीच जुन्या जवानाला अविश्वास वाटते. हे समजायला मला स्वतःला फार वर्षे लागली.

विदर्भाच्या आणि मध्य प्रदेशाच्या पोरांना जिंकायची सवय नव्हती. त्यांना कोणीतरी कठोरपणे सांगायला हवे होते, की तुम्ही जिंकू शकता. जिंकता जिंकता हरणे काय असते, हे ठाऊक असलेला माणूस ते सांगत होता. म्हणून पोरांनी ऐकले.