जिवंत काडतूस, रिकामी पुंगळी

‘गावठी पिस्तुलासह दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी नांदेड-लातूरच्या पेपरांत अधूनमधून येते. काडतूस म्हणजेच गोळी, असे अनेकांना वाटते. दोन्ही वस्तू मात्र वेगळ्या.

‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी ‘कार्ता’, म्हणजे कागद. पूर्वी मोजून घेतलेली दारू आणि गोळी कागदाच्या सुरळीत बांधत. ती सुरळी हेच काडतूस. १८५७ साली ज्यांवरून असंतोष पेटला, ती एन्फील्डची काडतुसे कागदाचीच होती. पुढे कागद जाऊन पितळ आले, नाव तेच राहिले. आजच्या काडतुसाला बाहेरून पितळी पुंगळी, बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी असते. चाप ओढला की टोपीवर आघात होतो, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागेच राहते. ज्याचा बार अजून झालेला नाही, ते जिवंत काडतूस.

पितळी काडतुसाआधी बंदूक ठासणीची होती. नळीत दारू ओतायची, गोळी सोडायची, गजाने ठासायची. बुडाजवळच्या भोकाला म्हणत ‘कान’, तिथल्या बारीक दारूला ‘रंजक’ आणि ती पेटवणाऱ्या जळत्या दोरीला ‘तोडा’. औशाच्या किल्ल्यात तोफा आजही आहेत; तोफेच्या मागच्या अंगाला वरून बारीक भोक असते, तो तिचा कान. शत्रूची तोफ निकामी करायची तर त्यात खिळा ठोकत.

काडतुसासारखीच हत्यारांची नावेही बाहेरून आली. ‘तोफ’ मूळची तुर्की. ‘बंदूक’ अरबी ‘बुंदुक’वरून, त्याचा पहिला अर्थ कवच असलेले एक फळ, मग तसा गोल गोळा, मग तो फेकणारे हत्यार. ‘दारू’ फारसीत औषध. ‘दवादारू’त तो अर्थ टिकला, ‘दारूगोळ्या’त स्फोटक झाला. अवयवांना मात्र आपण घरचीच नावे दिली: नळी, कान, चाप, घोडा.

हे शब्द नेमके वापरले पाहिजेत, कारण तपास त्यांवर चालतो. पिस्तुलातून उडालेली पुंगळी झाडणारा कुठे उभा होता ते सुचवते. गोळी कुठे लागली ते सांगते. बातमीत दोन्हींना ‘काडतूस’ म्हटले, तर वाचकाला घटनाच उलटी कळते.