तळटीप १४ : 'पाणी तोडू'

१४. सोसायटीच्या कमिटीची ही धमकी कोसाडपुरती नाही, डोंबिवलीतही ऐकू येते. सुरतेच्या उत्तरेला, अमरोलीजवळच्या कोसाडमधील नोंदणीकृत सहकारी सोसायट्यांना गुजरात सहकारी संस्था अधिनियम, १९६१ लागू होतो; मराठी वाचकाच्या ओळखीचा महाराष्ट्राचा कायदा १९६० चा. दोन्हींच्या मुळाशी जुन्या मुंबई इलाख्याचा १९२५ चा कायदा आहे, म्हणून कलमांचे क्रमांक वेगळे असले तरी रीत बरीचशी तीच. कमिटीचा खरा अधिकार उपविधींतून येतो : आधी नोटीस, मग थकबाकीवर व्याज (महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींत वर्षाला कमाल २१ टक्के), आणि शेवटी निबंधकाकडे वसुलीचा अर्ज. लिफ्टशेजारच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावे लाल खडूने लिहिणे, हा मात्र कायद्याचा नव्हे, कमिटीचा शोध. आमच्या मते भेकड, पण व्याजापेक्षा परिणामकारक. सभासदाला काढून टाकणे वसुलीहून अवघड : महाराष्ट्रात सभेतील तीन-चतुर्थांश मते आणि वर निबंधकाची मंजुरी लागते. तंटा चिघळलाच, तर महाराष्ट्रात कलम ९१ खाली सहकार न्यायालय, गुजरातेत कलम ९६ खाली निबंधक. अशी नोटीस हाती पडलेल्या वाचकाने आधी उपविधींची प्रत मागून घ्यावी.