शेवटचे शंभर मीटर

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे शिंदखेडा स्थानक हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकलेल्या तापी व्हॅली रेल्वेचे देणे. त्या काळी रूळ आले की पाठोपाठ तारायंत्राचे खांब येत. एकेरी मार्गावर पुढच्या स्थानकाकडून होकार आल्याशिवाय गाडी हलत नसे. आता देशभर रुळांच्या कडेने ऑप्टिकल फायबर धावते. त्यासाठी २००० साली रेलटेल ही सरकारी कंपनीच निघाली. पण फायबर बहुधा इमारतीच्या दारापाशी थांबते. तिथून तहसील कचेरीतल्या टेबलापर्यंत किंवा बँकेच्या कॅशिअरपर्यंतचे काम आजही तांब्याची लॅन केबल करते. एका दमात तिने जास्तीत जास्त शंभर मीटर जायचे, असा नियम आहे. या केबलच्या इतिहासाचा पहिला निम्मा भाग मात्र तालुक्याच्या गावांनी जवळपास पाहिलाच नाही.

त्याची सुरुवात कॅलिफोर्नियात झाली. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी इथरनेट नावाच्या जोडणीविषयी एक टिपण लिहिले. केंद्रातले अनेक संगणक एकमेकांना आणि एका लेझर प्रिंटरला जोडायचे होते. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या पहिल्या जोडणीचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून दहा मेगाबिटचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १९८३ मध्ये अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने त्याला मानकाचे रूप दिले.

ती पहिली केबल बोटाएवढी जाड होती. पाचशे मीटरपर्यंत ती अखंड ओढायची आणि संगणक जोडायचा तिथे तिच्या आवरणात अणकुचीदार खिळा घुसवून मधल्या तांब्याला टेकवायचा. पुढे पातळ कोअ‍ॅक्सिअल केबल आली. तिची मर्यादा १८५ मीटर. प्रत्येक संगणकामागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा बीएनसी कनेक्टर आणि दोन्ही टोकांना पन्नास ओहमचा टर्मिनेटर. नव्वदच्या दशकात मोठ्या शहरांतल्या संगणक प्रयोगशाळांत शिकलेल्यांना या रचनेचा त्रास आठवत असेल. एकाने खुर्ची सरकवली, कनेक्टर ढिला झाला, की सगळी रांग बंद. दोष कुठे आहे हे शोधायला एकेक सांधा हलवून पाहायचा.

त्यातून सुटका केली ती टेलिफोनच्या जुन्या युक्तीने. दोन तारांना एकमेकींभोवती पीळ दिला की बाहेरचा विद्युत गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो. संदेश दोन तारांमधल्या फरकातून वाचला जात असल्याने हा सारखा पडलेला गोंगाट वजा होऊन जातो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्येच या युक्तीचे पेटंट घेतले होते. १९९० च्या मानकाने इथरनेट अशा पीळदार जोड्यांवर आणले. आता प्रत्येक संगणकाची केबल स्वतंत्रपणे मधल्या हबला जाऊन मिळू लागली. एक तुटली तरी बाकीचे काम चालू राहिले.

कनेक्टरही टेलिफोनच्याच घरातला. बाजारात त्याला सगळे आरजे-४५ म्हणतात. आत आठ पिना, चार जोड्या. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी हा क्रम भारतातल्या बहुतेक तंत्रज्ञांना पाठ असतो. नवशिक्याला यात एक गोष्ट खटकते. हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवर अशी फाकवून का बसवली? कारण मधल्या चौथ्या-पाचव्या पिना टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेल्या होत्या. रंग नुसते ओळीने लावून, दोन्ही टोके सारखी ठेवून कनेक्टर क्रिम्प केला तर टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. नेट मात्र रडत चालते, कारण तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या तारा मग एकमेकींच्या पिळातल्या राहत नाहीत.

ही केबल आणि कनेक्टर खेडोपाडी पोचण्यात गोव्याचाही वाटा आहे. के. आर. नाईक यांच्या स्मार्टलिंक या कंपनीने वेर्णा इथे जम बसवला. तिचा डिजिलिंक हा केबल-कनेक्टरचा ब्रँड इतका वाढला की २०११ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकने तो व्यवसाय सुमारे ५०३ कोटी रुपयांना घेतला.

तालुक्याच्या गावांना लॅनची ओळख बरीचशी एमएस-सीआयटीच्या वर्गांतून झाली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाले आणि या अभ्यासक्रमाची केंद्रे गावोगाव उघडली. तोवर कोअ‍ॅक्सिअलचे दिवस सरले होते. त्यामुळे या गावांनी जाड केबल आणि टर्मिनेटर ओलांडून थेट आठ तारांच्या केबलवर उडी घेतली. मग बँका संगणकावर गेल्या, सातबाराचे उतारे संगणकावर आले. शिंदखेडा तालुक्यापासून फार दूर नसलेल्या, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार पत्रे दिली गेली. पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट झाली.

खानदेशात या केबलची खरी परीक्षा उन्हाळा घेतो. शंभर मीटरचे गणित वीस अंश तापमान धरून मांडलेले आहे. त्यापुढे बिनकवचाच्या केबलमध्ये दर अंशाला संदेशाची घट सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढते, चाळीस अंशांपुढे ०.६ टक्क्यांनी. म्हणजे पंचेचाळीस अंशांना घट अकरा टक्के जास्त. शंभरपैकी भिंतीत पक्की बसवायची नव्वद मीटरची ओढ अशा ठिकाणी ऐंशीच्या आसपास ठेवलेली बरी. पत्र्याच्या छताखालून केबल नेणाऱ्याने तर हे लक्षात ठेवायलाच हवे. त्यात स्वस्ताईचा मोह आडवा येतो. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच असते, पण तिचा रोध जास्त, ती वाकवली की लवकर तुटते आणि मानकात ती बसतच नाही.

हा रोध आता अधिकच महागात पडतो. २००३ च्या मानकापासून याच केबलमधून वीजही पाठवता येते, त्यामुळे चौकातल्या कॅमेऱ्याला वेगळी वायर ओढावी लागत नाही. वीज वाहणारी केबल स्वतः तापते आणि रोध जितका जास्त, तितके तापणेही जास्त.

लांबीवर तोडगा २०१९ मध्ये निघाला. आयईईईने मंजूर केलेल्या नव्या मानकात पिळाची एकच जोडी हजार मीटरपर्यंत दहा मेगाबिट नेते. कारखान्यातले पंप आणि तापमापक जोडण्यासाठी ती आखली आहे. कचेऱ्यांतल्या आठ तारांच्या केबलला मात्र शंभर मीटरचीच मर्यादा कायम आहे.